जुना लॅपटॉप, लग्नपत्रिका आणि मुक्त सॉफ्टवेअर: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की हे सदर मी लिब्रेऑफिसमध्ये, म्हंजे वर्डसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, लिहिते आणि माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाहीये. त्या एका ओळीवर इतके मेल नि पत्रं आली की या वेळी सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, गावं दिलीत.

प्रश्न: ताई, फुकट मिळतंय म्हंजे त्यात काहीतरी गोम असणारच ना? कोण कशाला आपला वेळ घालवून आपल्यासाठी सॉफ्टवेअर करून देईल? – एक गृहिणी, फोंडा

तुम्ही गोम शोधताय ते बरोबरच आहे, फुकट मिळणाऱ्या कितीतरी ॲपमध्ये ती असतेच, जाहिराती असतात, तुमचे कॉन्टॅक्ट नि लोकेशन उचललं जातं. पण मी ज्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतेय त्याची ओळख फुकट ही नाही, मुक्त ही आहे. इंग्रजीत दोन्हीला फ्री हा एकच शब्द, त्यामुळे तिकडे लोकांना गेली चाळीस वर्षं हा फरक समजावत बसावा लागतोय, आपल्याकडे दोन वेगळे शब्द आयते आहेत तर ते वापरूया. मुक्त म्हंजे काय, तर ते कशासाठीही वापरा, आत उघडून कसं चालतं ते बघा, पाहिजे तसं बदला आणि दुसऱ्याला द्या, या चारही गोष्टींची परवानगी लेखी, लायसनमध्येच दिलेली असते. मी आमच्या सोसायटीतल्या बायकांना दागिन्याचं उदाहरण देते. आपलं सोनं आपण कुठल्याही सोनाराकडे नेऊन मोडू शकतो, त्यात भर घालून नवा घाट करू शकतो, लेकीला देऊ शकतो. लग्नापुरता भाड्याने आणलेला सेट कितीही छान दिसला तरी त्याची एक कडीसुद्धा बदलता येत नाही नि तारखेला परत द्यावाच लागतो. बंद सॉफ्टवेअर, म्हंजे ज्याचं आतलं बघू-बदलू देत नाहीत ते, हे असं भाड्याचं असतं, भले तुम्ही त्याला पूर्ण पैसे मोजलेले असोत.

हे सगळं सुरू कसं झालं तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन म्हणून प्रोग्रॅमर होते, त्यांच्याकडे नवा लेझर प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा, आणि आधीच्या प्रिंटरला त्यांनी जशी सोय करून ठेवलेली की अडकलं तर लोकांना कॉम्प्युटरवर कळेल, तशी या नव्याला करता येईना कारण त्याचा सोर्स कोड, म्हंजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, कोणी देईना. त्यातून चिडून, विचार करून, १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू हा अख्खी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल, म्हंजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला, आणि आज तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा त्याच कर्नलवर चालतो.

पैसे कोण देतं? काही प्रोजेक्ट देणग्यांवर चालतात, काहींना मोठमोठ्या कंपन्या माणसं पगारावर ठेवून मदत करतात कारण त्यांचा धंदाच त्यावर उभा असतो. व्हीएलसी प्लेअर बघा, तो नारिंगी ट्रॅफिक कोनवाला, तो पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी १९९६ मध्ये कॉलेजच्या नेटवर्कवरून टीव्ही बघता यावा म्हणून सुरू केलेला, २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि आजही त्यात एक जाहिरात नाही. तुमच्या घरी तो बहुतेक आहेच, म्हंजे तुम्ही हे सगळं आधीपासून वापरताय.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. दुकानदार म्हणतो विंडोज १० बंद झालं, नवीन लॅपटॉप घ्या. मला बँकेचं बघायला, थोडं मराठी लिहायला, कीर्तनं ऐकायला नि पुण्याच्या नातवाशी बोलायला लागतो. खरंच नवीन घ्यावा लागेल का? – मिरज

सर, अजिबात नको. आधी विंडोज १० चं काय ते सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याला नेहमीचा सपोर्ट बंद केला, म्हंजे लॅपटॉप बंद पडणार नाही, पण सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं. वर्षभर वाढीव अपडेट घ्यायची सोय त्यांनी दिलीय पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप नि त्यांच्या यादीतला प्रोसेसर लागतो आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. म्हंजे तुमचा लॅपटॉप धडधाकट असून नुसता यादीत नाही म्हणून भंगारात जायचा, मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

तुमच्यासाठी मी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मुक्त सिस्टिम सुचवेन, त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप घ्या. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर नीट चालतं. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, घड्याळ उजवीकडे, तुम्हाला वेगळं काही वाटणारच नाही.

आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हंजे लॅपटॉपमधलं काहीही न पुसता ते बघता येतं. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाणार, तेवढं लक्षात ठेवा), मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल, म्हंजे अख्खं मिंट ज्यात असतं ती एक फाइल, उतरवा, ती ३ जीबीच्या आसपास असते म्हणून वायफायवर उतरवा, आणि रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा, हे नातवाला सुट्टीत आला की सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. मग लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावून चालू करायचा आणि लगेच एफ१२ किंवा एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बटण वेगळं असतं, ते दाबत राहायचं, एक यादी येते त्यातून पेनड्राइव्ह निवडायचा. दोन-तीन मिनिटांत अख्खं मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं. असं दोन दिवस वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेऱ्यात चेहरा दिसतोय का, झाकण बंद करून उघडल्यावर परत जागा होतोय का, प्रिंटर असेल तर एक पान निघतंय का, हे सगळं तपासा. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, त्यावरून स्पीड ठरवू नका. वायफाय नाहीच दिसलं तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हंजे फोनचं नेट लॅपटॉपला द्यायची सोय, चालू करा, नेट येतं, नि मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर बहुतेक वेळा वायफायचा ड्रायव्हर स्वतःच शोधून देतो.

पटलं तरच पुढे जायचं, आणि त्याआधी सगळे फोटो, कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून, ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतेय ना ते बघून, मगच. हे मी मुद्दाम बजावून सांगते कारण लोक इथेच घाई करतात. खर्च करायचाच असेल तर जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हंजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा, जुन्या लॅपटॉपला त्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

मराठी लिहिण्याचं: मिंटमध्ये इनपुट मेथड म्हणून सेटिंग आहे, तिथून आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकायचं, मग यादीत मराठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, अगदी गमभनसुद्धा मिळतं. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड शिकलात तर उत्तम, आठवडाभर त्रास होतो नि मग बोटं आपोआप चालतात. ळ म्हंजे शिफ्ट धरून एन, आणि 'दऱ्या', 'वाऱ्यावर' मधला तो आडवा रफार हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी म्हंजे पायमोड, मग य. आपल्या भाषेतलं हे अक्षर खूप जणांना टाइप करता येत नाही नि 'दर्या' लिहून मोकळे होतात, मला ते फार खटकतं म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. फोनवर बोलून टाइप करायची सवय असेल तर ती सोय मात्र इथे तेवढी चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवते. बँक, यूट्यूब, नातवाशी व्हिडिओ कॉल, हे सगळं ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतं. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर तुमचा नातू कॉलेजला गेलेला असेल.

प्रश्न: माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, पत्रिका, पावतीबुकं, फ्लेक्स. सगळी सॉफ्टवेअर कॉपी केलेली आहेत, मनाला बरं वाटत नाही आणि विकत घ्यायला परवडत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवर माझा धंदा चालेल का? – एक ताई, परभणी

ताई, तुम्ही हे मोकळेपणी लिहिलंत त्याबद्दल आधी आभार, कारण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गल्लीत हीच परिस्थिती आहे आणि कोणी बोलत नाही. शिवाय ते ॲक्टिव्हेट करायला जे क्रॅक टाकतात त्यातूनच व्हायरस येतात, नि मग ग्राहकाचा पेनड्राइव्ह तुमच्याकडून व्हायरस घेऊन घरी जातो.

उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येणार नाही, म्हणून कामाप्रमाणे सांगते. पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, लोगो यासाठी इंकस्केप, ते तुमच्या कोरलसारखंच व्हेक्टरचं, म्हंजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेघांच्या चित्रांचं, काम करतं, देवनागरीची जोडाक्षरं नीट दाखवतं, आणि कोरलच्या जुन्या फाइलसुद्धा बऱ्याच अंशी उघडतं, बऱ्याच अंशी म्हणतेय कारण ग्रेडियंट नि इफेक्ट इकडेतिकडे होतात. फोटोसाठी गिंप. पुस्तिका, स्मरणिका, अंक यासाठी स्क्रायबस, त्यात देवनागरी नीट हवी तर १.५ किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्या. आता अडचण: छपाईला चार रंग वेगळे करून, सीएमवायके पीडीएफ द्यायचं असेल तर इंकस्केप त्यात कमी पडतं, तिथे डिझाइन इंकस्केपमध्ये करून शेवटची पीडीएफ स्क्रायबसमधून काढावी लागते. एक पायरी वाढते. फ्लेक्सवाले बहुतेक जेपीजी किंवा साधी पीडीएफ घेतात, त्यांना काही फरक पडत नाही. माझा सल्ला असा की धंदा एका दिवसात बदलू नका, ही सगळी सॉफ्टवेअर विंडोजवरसुद्धा चालतात, तर आहे त्याच कॉम्प्युटरवर टाका नि आठवड्याला एक काम, आधी व्हिजिटिंग कार्ड, त्यात करून बघा. दोन-तीन महिन्यांत हात बसेल.

पण तुमच्या धंद्यातला खरा प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा फॉन्टचा आहे आणि त्यावर मला जास्त लिहायचंय. माझ्या आत्याने १९९८ साली गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका करून घेतली होती, जुन्या शिक्षकांच्या आठवणी, माजी विद्यार्थ्यांची पत्रं, साठेक पानं. छापील प्रती संपल्या, काही पावसात भिजल्या, पण सीडी होती. तीन वर्षांपूर्वी ती सीडी माझ्याकडे आली, फाइल उघडली तर सगळ्या पानांवर रोमन अक्षरं नि डोक्यावर टिंबं, चिन्हं, प्रश्नचिन्हं, एक शब्द वाचता येईना. कारण त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्र बसवायचे, नि तो फॉन्ट ज्या पॅकेजबरोबर यायचा त्याला मागे लावायचं लॉक लागायचं, ते लॉक गेलं, दुकान गेलं, फॉन्ट गेला. मजकूर आमचा, माणसं आमची, आणि किल्ली दुसऱ्याकडे. शेवटी त्याच घराण्यातला एक फॉन्ट ओळखून, कन्व्हर्टरने युनिकोड, म्हंजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, करून, आत्याला शेजारी बसवून एकेक ओळ तपासली, कारण कन्व्हर्टर पहिल्या वेलांट्या नि रफार हमखास चुकवतो. तिच्या एका बाईंचं नाव सापडल्यावर ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती.

तर ताई, आजपासून नवीन काम युनिकोडमध्येच घ्या. मुक्त परवान्याचे देखणे देवनागरी फॉन्ट आता भरपूर आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेले 'मुक्त' नि 'बलू', आयआयटी मुंबईचा शोभिका, तिरो देवनागरी मराठी, यात्रा. हे सगळे छपाईला, धंद्याला वापरायला परवानगी आहे, कोणाला एक रुपया द्यायचा नाही. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात ते तुम्हाला माहीतच असेल, तर लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी केली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल नि श आपोआप मराठी वळणाचे होतात, हिंदी केली की परत बदलतात, एकदा करून बघाच. आणि जुन्या पेजमेकरच्या फाइल असतील तर लिब्रेऑफिस ड्रॉ त्यातल्या बऱ्याच उघडतं, फॉन्टचं कोडं राहतंच पण निदान पान तरी दिसतं.

टॅली, नि काही सरकारी साइटवर डिजिटल सहीची जी युटिलिटी लागते, यासाठी मात्र एक विंडोज मशीन ठेवा. ओढूनताणून लिनक्सवर बसवत बसू नका, ऐन तारखेला रिटर्न अडकलं तर दंड तुम्हाला भरावा लागेल.

प्रश्न: कोड सगळ्यांना दिसतो म्हणता, मग चोरालाही दिसणारच. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे सुरक्षित कसं वाटावं? – सातारा

चोराला दिसतो हे अगदी खरं, आणि एका चोराने प्रयत्नही केला, तीच गोष्ट सांगते. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करायचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, जगातल्या असंख्य लिनक्स सर्व्हरमध्ये ते असतं, आणि ते मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकलेला होता. तिथे 'जिया टान' या नावाने कोणीतरी आलं, दोनेक वर्षं चांगली मदत करत राहिलं, विश्वास कमावला, आणि २०२४ च्या सुरुवातीला हळूच त्यात चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की आपल्या मशीनवर लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! बाकी कोणी सोडून दिलं असतं, त्याने खणत खणत जाऊन चोरवाट शोधली नि २९ मार्चला जाहीर केली, तोवर ती बहुतांशी चाचणीच्या आवृत्त्यांतच पोचली होती, सगळ्यांच्या नेहमीच्या सर्व्हरवर पोचायच्या आधी पकडली गेली.

यातून मला दोन्ही गोष्टी दिसतात. उघडं असल्यामुळे बाहेरच्या माणसाला मुळापर्यंत जाता आलं, बंद असतं तर त्याने फक्त कंपनीला तक्रार पाठवली असती. आणि दुसरी, नुसतं उघडं असून भागत नाही, कोणीतरी बघावं लागतं, आणि एका थकलेल्या माणसाच्या जिवावर अख्ख्या जगाने झोपणं धोक्याचं आहे, मोठ्या बँकांनी नि कंपन्यांनी अशा माणसांना पैसे द्यायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यापुरतं म्हणाल तर पासवर्ड जपून ठेवायला कीपास-एक्ससी वापरा, तो मुक्त आहे, फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, आणि अपडेट आले की त्याच दिवशी घ्या.

प्रश्न: मी बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला पण ओपन सोर्समध्ये काम करायचंय पण कोडिंग अजून कच्चं आहे आणि इंग्रजीची भीती वाटते. मी काय करू शकतो? – मेहकर तालुका, जि. बुलढाणा

अरे, तुझं मराठी हीच तुझी सगळ्यात मोठी ताकद आहे. लिब्रेऑफिसचं मराठी भाषांतर वेबलेट नावाच्या साइटवर चालतं, फायरफॉक्सचं पाँटूनवर, दोन्हीकडे खातं उघडून एकेक वाक्य सुचवता येतं. आधी शंभर जुनी वाक्यं नुसती वाच, कोणते शब्द रुळलेत ते कळेल. 'सेव्ह'ला 'जतन करा' छान बसलंय, पण 'फाइल'ला 'धारिका' लिहिलं की आपल्याच आईला कळत नाही, तिथे 'फाइल'च ठेव असं मी म्हणेन, यावर लोक वाद घालतील, घालू देत. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो, आणि तिथे पुण्याबाहेरचे, तुमच्या वऱ्हाडातले आवाज पाहिजेतच, नाहीतर उद्या बोललेलं ओळखणाऱ्या मशीनला तुझ्या आजीचं बोलणं कळणार नाही. कोडिंग पक्कं करायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ, लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन असे बरेच विषय आहेत आणि कितीतरी व्हिडिओ मराठीत आहेत, दहाबारा मिनिटांचा एकेक, सोबत थांबवून थांबवून करायचा.

पण सुरुवात तू नकाशापासून कर असं मला वाटतं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच काढत आणलेला जगाचा नकाशा आहे, कोणालाही त्यात भर घालता येते नि कोणालाही तो वापरता येतो. शहरं त्यात भरलेली आहेत, खेडी रिकामी आहेत. अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानातून स्ट्रीटकंप्लीट हे ॲप घे, ते चालता चालता तुला सोपे प्रश्न विचारतं, हा रस्ता डांबरी आहे का, या दुकानाचं नाव काय, आणि उत्तर दिलं की ते नकाशात जातं. गावाच्या नावाला मराठीचा वेगळा रकाना असतो तो बहुतेक रिकामा सापडेल, तो भर. पाराजवळची विहीर, झेडपीची शाळा, दवाखाना, पुराच्या वेळी बंद होणारा पूल, हे सगळं तुला माहीत आहे, दिल्ली-बंगलोरला बसलेल्या कोणाला माहीत नाही. आज रात्री तुझ्या घरापासून एसटी थांब्यापर्यंतचा तुकडा उघडून बघ, त्यात काय काय नाहीये ते वहीत लिहून ठेव, रविवारी सकाळी बाहेर पड, आणि पहिला रस्ता काढलास की मला कळव, पुढच्या महिन्यात मी तो इथून उघडून बघणार आहे.